काजू-बेदाण्याचं चॉकलेट गोव्याच्या हवेत चाखताना: माझा अनुभव

गोव्यात काजू-बेदाण्याचं चॉकलेट चाखायचं तर आधी हवा सांभाळावी लागते. कोको बटर ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि एप्रिल-मेच्या दुपारी पणजीतला पारा तिथेच घुटमळत असतो. म्हणून म्हापशाच्या बाजारातून असा खाऊ आणताना मी तो स्कूटरच्या डिकीत टाकत नाही. बर्फाचा पॅक घातलेली थर्मल पिशवी नेतो आणि पॅक नि पाकीट यांच्यामध्ये वर्तमानपत्राची जाड घडी ठेवतो.

घेतानाच घटकांची यादी वाचतो. कोको बटरच्या जागी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल असेल तर ते कंपाउंड, म्हणजे स्वस्तातलं नकली चॉकलेट. उन्हात ते टिकतं खरं, पण तोंडात नीट विरघळत नाही, टाळूला मेणचट थर राहतो. पोरांना वाटायला ठीक, चाखत बसण्यासारखं त्यात काही नाही.

पावसाळ्यात खरी अडचण फ्रिजमधून बाहेर काढताना येते. खोलीत २७ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर २४ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. ४ अंशांवरचं चॉकलेट उघडं काढलं की मिनिटभरात घाम सुटतो. त्या पाण्यात वरची साखर विरघळते आणि सुकल्यावर खरखरीत पांढरी पुटं उरतात. यासाठी मी ते हवाबंद डब्यात ठेवतो, डबा न उघडता पाऊण तास बाहेर राहू देतो आणि मगच झाकण काढतो. एसी लावलेली खोली असेल तर उत्तम.

पांढरेपणा दोन प्रकारचा असतो. बोटाच्या उबेने पुसला गेला तर तो चरबीचा: चॉकलेट कधीतरी वितळून पुन्हा घट्ट झालंय, किंवा काजूचं तेल हळूहळू वर आलंय. कोरडा, खरखरीत आणि पाण्याच्या थेंबात विरघळणारा असेल तर तो साखरेचा. दोन्ही खायला निर्धोक, फक्त पोत बिघडलेला.

चाखायला सकाळची वेळ बरी, चहाच्या आधी. दुपारी हुमण (माशांची आमटी) आणि सोलकढी झाल्यावर जिभेकडून फार अपेक्षा करू नये. दोन घासांमध्ये कोमट पाणी आणि साध्या पावाचा कपटा घेतो. गार पाण्याने जिभेवरचं कोको बटर घट्ट होतं आणि पुढचा तुकडा मुका लागतो.

तुकडा मोडतानाचा आवाज ऐकतो. नीट टेंपर केलेलं, म्हणजे ठरावीक तापमानांवर वितळवून-गार करून घट्ट केलेलं चॉकलेट कट्कन तुटतं, नुसतं वाकलं तर ते खोलीत जास्त ऊबलंय किंवा मुळात टेंपरिंग चुकलंय. मग सुरीने तिन्ही गोष्टी वेगळ्या करतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर दोष कुणाचा ते कळतच नाही. चॉकलेट न चावता जिभेवर वीस-तीस सेकंद ठेवायचं. काजूगर मात्र चावूनच पाहायचा: दाताखाली कुडकुडीत आणि आतून एकसारखा फिकट सोनेरी हवा. खवट वास बहुतेक वेळा काजूचाच असतो, चॉकलेटचा नव्हे. त्यातही तुकडा काजू लवकर खवटतो, कारण त्याला हवा लागायला पृष्ठभाग जास्त. सालीसकट भाजलेला काजू मला खारवलेला आवडतो, चॉकलेटमध्ये नाही. साल तुरट असते आणि कोकोचा कडवटपणा आधीच पुरेसा असतो.

बेदाणा हा या त्रिकुटातला खोडकर घटक. त्यात साधारण १५ टक्के पाणी असतं, भाजलेल्या काजूत अगदी थोडं. दोघं एकमेकांना चिकटून राहिले की पाणी बेदाण्यातून काजूत जातं: काजू मऊ पडतो, बेदाणा चिवट होतो. चांगले कारागीर म्हणूनच काजूवर आधी चॉकलेटचा पातळ थर चढवतात. गंधकाची धुरी दिलेल्या पिवळ्या बेदाण्यांचा उग्र वास कधी कधी कोकोवर मात करतो. मला बिनबियांची काळी मनुका बरी वाटते, तिच्यात किंचित आंबटपणा असतो. फेणीत भिजवलेले बेदाणे ऐकायला झकास, पण फेणीचा वास बाकी सगळं झाकून टाकतो. शिवाय ते पुरते सुकवले नाहीत तर पातळ केलेल्या चॉकलेटच्या गुठळ्या होतात.

शेवटी तिन्ही एकत्र. चॉकलेट आधी विरघळतं, मग काजू संपतो आणि दाताला चिकटलेला बेदाणा मागे उरतो, म्हणजे अखेरची चव त्याचीच. त्यामुळे मिल्क चॉकलेटबरोबर सगळं मिट्ट गोड लागतं. ५५ ते ६० टक्के कोकोचं डार्क चॉकलेट १०० ग्रॅम, काजू ३५, बेदाणे २० आणि मीठ जेमतेम अर्धा ग्रॅम, हे प्रमाण मला जमून आल्यासारखं वाटतं.

उरलेलं चॉकलेट फॉइलमध्ये गुंडाळून पुन्हा हवाबंद डब्यात घालतो. त्याच फ्रिजमध्ये सुके बांगडे असतील तर डबा दुहेरी लागतो, कोको बटर वास पटकन ओढून घेतं.