नाकाला रुमाल, डोळ्याला दुर्बीण

पक्षी बघणाऱ्यांचा हिवाळ्यातला रविवार फार रम्य ठिकाणी जातो, असा पुष्कळांचा समज असतो. गळ्यात दुर्बीण अडकवून पहाटे बाहेर पडलं की लोक जरा हेव्यानेच बघतात. दहाच्या सुमारास हा माणूस नाल्याच्या काठी नाकाला रुमाल लावून उभा असेल, हे त्यांना कुठून माहीत असणार?

दिवसाची सुरुवात मात्र खरोखर देखणी असते. धरणाचा फुगवटा, पाण्यावर धुकं, पलीकडे डोंगरांची निळसर रेघ. फोटोला उत्तम. पक्षी म्हणाल तर दोन-चार पाणकावळे आणि खूप लांबवर काही काळे ठिपके, जे स्कोप लावल्यावर वारकरी नावाचे काळे पाणपक्षी निघतात. तुतवार, शेकाटे, टिलवे या मंडळींना पाण्यापेक्षा चिखल जास्त हवा असतो. तोही उघडा, नाहीतर पाय टेकतील इतक्याच पाण्याखालचा. धरण काठोकाठ भरलेलं असलं की हा चिखल बुडतो आणि काठ सुने पडतात. पाऊस छान झाला म्हणून हळहळणारी माणसं जगात बहुधा आम्हीच.

मग गाडी वळते वस्तीच्या खालच्या अंगाला, जिथे नाला पसरून त्याचं डबकं झालेलं असतं. वास आधी येतो, पाणी नंतर दिसतं. आणि त्या काळपट पाण्यावर ही गर्दी! थापट्या बदकं आपली रुंद, पसरट चोच पाण्यात सपाट धरून एकामागे एक गोल गोल पोहत असतात. त्या फिरण्याने खालचं खाद्य वर येतं. चोचीच्या कडांना बारीक दात्यांची झालर असते, त्यातून पाणी बाहेर जातं आणि सूक्ष्म जीव आत अडकतात. काठावर छोटे टिलवे शिवणयंत्राच्या सुईसारखे चिखल टोचत सुटलेले असतात. हा पक्षी जेमतेम २५-३० ग्रॅमचा. त्याची वीण आर्क्टिकच्या टुंड्रा प्रदेशात होते. तिथून हजारो किलोमीटर उडत येऊन तो उतरतो कुठे, तर आमच्या सांडपाण्यात.

त्याचंही काही चुकत नाही. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ पोसतं, गाळात कीटकांच्या अळ्या वळवळतात, ताट वाढलेलंच असतं. म्हणून घाण चांगली, असं कुणी म्हणू नये. पाण्यातला प्राणवायू सरला की मासे मरतात, मग मासे खाणारे निघून जातात. जलपर्णीने पृष्ठभाग पूर्ण झाकला की बदकांनाही पोहायला जागा उरत नाही. आज इथे दिसते ती गर्दी सोसू शकणाऱ्यांची आहे. ज्यांना सोसलं नाही, त्यांची नावं आपल्या यादीत येतच नाहीत.

उन्हं कलली की माळरान. सरकारी नोंदीत याला बहुतेकदा ‘पडीक’ म्हणतात. हे ‘पडीक’ बघायला भोवत्ये नावाचे शिकारी पक्षी मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून येतात. गवताच्या शेंड्यांवरून अगदी खालून, पंख किंचित उचलून त्यांचं ते तरंगणं मी कितीही वेळ बघू शकतो. फिकट राखाडी नर ओळखायला त्यामानाने सोपा. तपकिरी मादी आली की आमच्यात वाद सुरू होतात. हे शिकारी पक्षी हिवाळ्यात झाडावर नव्हे, जमिनीवर, गवतात रात्र काढतात. पुस्तकात वाचलेलं होतं, पण नेमकी जागा दाखवली शेळ्या चारणाऱ्या एका मावशींनी. “ती व्हय? रोज सांजंला त्या तिकडं उतरत्यात की,” त्या सहज म्हणाल्या. आम्ही तीन दिशांना दुर्बिणी लावून बसलो होतो.

त्याच माळावर हल्ली खड्ड्यांच्या रांगा दिसतात. वृक्षारोपण. हेतू इतका चांगला की विरोध करणारा माणूस खलनायक ठरावा. पण धाविक, माळटिटवी, चंडोल यांना मोकळी जमीनच लागते. शिवाय झाडं वाढली की वर बसून टेहळणी करणाऱ्या शिकाऱ्यांची सोय होते आणि जमिनीवरची घरटी उघडी पडतात. ‘एवढी झाडं लावली, आता पक्षी येतील’ असं कुणी आनंदाने सांगितलं की मी विषय बदलतो.

कचरा डेपोबद्दल फार लिहीत नाही. घारी आणि गायबगळे तिथे असतातच. बिकानेरजवळ जोडबीडला मेलेली गुरं टाकतात, तिथे हिवाळ्यात गरुड आणि गिधाडं बघायला लांबून लोक येतात, एवढं सांगितलं तरी पुरे.

शेवटचा थांबा सुशोभित तळं. पूर्वी इथे उतरता, चिखलाचा काठ होता. आता सभोवार दगडी भिंत, जॉगिंग ट्रॅक, मधोमध रंगीत कारंजं. आणि एक भलीमोठी पाटी, तिच्यावर ‘येथे आढळणारे पक्षी’: शेकाट्या, चित्रबलाक, तुतवार, रोहित (म्हणजे फ्लेमिंगो). चित्रं सुरेख आहेत. पाटीतल्या कुणालाही पाय टेकायला जागा मात्र ठेवलेली नाही. मी वाचत उभा असताना फेरी मारणारे एक काका थांबले. “हे रोहित नेमके कधी येतात हो?” मी त्यांना नाल्याचा पत्ता नीट समजावून सांगितला. गंमत करतोय असं वाटून ते मोठ्याने हसले आणि पुढच्या फेरीला लागले.