तिपदरी घडी

दर मंगळवारी मी इथल्या, सोलापूरच्या तुरुंगात पोरांना दहावीचं गणित शिकवायला जातो. मोबाईल, पट्टा, किल्ल्या गेटवर जमा. कंपासपेटीतलं कर्कटक पहिल्याच दिवशी बाहेर राहिलं, त्यामुळे वर्तुळं आम्ही स्टीलच्या पेल्यानं काढतो. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलेली, अठरा ते एकविशीतली पोरं. बहुतेक सगळी कच्ची कैदी, खटल्याचा निकाल अजून न लागलेली. पोरगं गैरहजर दिसलं की मास्तरला बरं वाटावं, असा हा माझ्या आयुष्यातला एकमेव वर्ग. जामीन झाला असणार!

फेब्रुवारी २०२५ मधला मंगळवार. विषय अपूर्णांक. अर्धा, पाव सगळ्यांना येतो, एक तृतीयांश म्हटलं की चेहरे कोरे. तेवढ्यात मागच्या एकानं खांद्यावरचा टॉवेल काढून फरशीवर टाकला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात घडीकाम करणारा, घरी तेलुगू बोलणारा पोरगा. दोन झटक्यांत तीन पदर, कडेला कड. मी पट्टीनं मोजलं, सुताचा फरक नाही.

"पॅकिंगला अशीच घालत होतो की, सर."

मी खूश. आणि त्या भरात उदाहरण दिलं ते कायद्याचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून आली, त्यात कलम ४७९. पहिलाच गुन्हा असेल, तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनावर सोडायचं, एरवी निम्मा. फाशी-जन्मठेपेची कलमं वगळून. जुन्या केसेसनाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. साध्या चोरीला तीन वर्षं, म्हणजे...

"एक वर्ष," टॉवेलवाला म्हणाला. मग बोटं मोजायला लागला. "मी मागच्या गड्ड्याच्या आधी आलोय. हा गड्डा पण होऊन गेला की. म्हणजे माझं झालं?" गड्डा म्हणजे इथली जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा.

वर्ग एकदम गप्प. दारातला हवालदारसुद्धा वळून बघायला लागला.

"केस एकच आहे ना?" मी विचारलं.

"दोन हायत."

एकाहून जास्त केसेस चालू असतील तर या कलमानं सुटका नाही. सांगताना माझी जीभ जड झाली. आधी विचारून मग उदाहरण द्यायला काय झालं होतं मला? त्यानं टॉवेल उचलला, झटकला, खांद्यावर टाकला. "मग पुढचं गणित घ्या, सर."

पुढच्या मंगळवारी तो येणार नाही असं धरून गेलो होतो. तो पहिल्या रांगेत. वहीच्या मागच्या पानावर बॅरेकमधली अकरा नावं, पुढं कलम, कमाल शिक्षा, एक तृतीयांश, आत आल्याची तारीख. दोघांचे दिवस भरत होते. ती दोन नावं मी जाताना तुरुंगाधिकाऱ्यांना दाखवली. कोर्टाकडे अर्ज तुरुंगातूनच जायचा असतो. त्यांनी लगेच रजिस्टर मागवलं.

यादीत चूक एकच. सात वर्षांचा तिसरा हिस्सा त्यानं 'दोन वर्षं तीन महिने' लिहिला होता. दोन पूर्णांक तेहेतीस शतांश आलं आणि त्यानं तीनाचे महिने केले. उरलेल्या एका वर्षाचे बारा महिने, त्याला तीननं भाग, असं समजावून मी लाल पेनानं तीनाचा चार केला.

तो बराच वेळ त्या चाराकडे बघत राहिला.

"एक महिना वाढवला की सर तुम्ही त्याचा."