पोटभाडेकरू

"गो बाय, माझ्या कलमाक बुरशी नाय." एमेस्सीच्या प्रकल्पासाठी आमच्या देवगडच्या बागेतली पानं तोडायला घेतली, तेव्हा बाबांनी आधीच बजावलं. पानं खरंच हिरवीगार होती, करप्याचा ठिपकाही नाही. मला तशीच हवी होती.

पुण्याला आणून ती धुतली, 70 टक्के अल्कोहोलमध्ये बुचकळली, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, मग निर्जंतुक पाण्यात. शेवटच्या पाण्याचे थेंबही वेगळ्या प्लेटवर टाकले. त्यावर काही उगवलं नाही, म्हणजे पानावरची बुरशी साफ गेली होती. तुकडे बटाट्याच्या अगारवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीवर, ठेवले. तांबूस पालवीचे बहुतेक कोरेच राहिले. जून पानांच्या मात्र जवळजवळ प्रत्येक तुकड्याच्या कडेला कापूस फुटला. पान जन्मतं कोरं. वाऱ्यापावसाने आलेले बीजाणू आत शिरतात नि मुक्काम ठोकतात. शास्त्रात यांना एंडोफाइट म्हणतात. मी पोटभाडेकरू म्हणते.

त्यातल्या एकाने तीन-चार दिवसांत अख्खी प्लेट व्यापली, आधी राखाडी, मग काळीकुट्ट. लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी. नावातला थिओब्रोमा म्हणजे कोकोचं झाड, पण आंबेवाल्यांना ही भेटते ती देठकूज म्हणून. अढी उलगडली की देठापासून खाली पसरत गेलेला काळा डाग दिसतो, तो हिचा. बाबा आजवर ओल्या पेंढ्याला बोल लावत आले, नाहीतर अढी लावणाऱ्या गड्याला. बिचारा गडी! बुरशी फांदीतून मोहोरात आणि तिथून देठात कधीच येऊन बसलेली असते. कच्च्या आंब्याच्या सालीत रिसॉर्सिनॉल गटातली बुरशीरोधक द्रव्यं असतात, चीकही तिला आवरतो. आंबा पिकायला लागला की हा पहारा उठतो.

बाबा झेल्याने देठासकट आंबा उतरवतात, ते चीक सांडून सालीवर डाग पडू नये म्हणून. देठ राहिला की कूजही उशिरा येते, हे त्यांना मी सांगितलं तेव्हा अर्थातच "माका ठावक हा" असं उत्तर मिळालं.

मग लगेच, "फवारणी कसली मारूया?" पण बरेचसे फवारे बसतात पानावर, हे राहतात आत. आणि सगळेच हाकलायचे तरी कशाला? 2003 साली पनामातल्या कोकोच्या रोपांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या पानांत एंडोफाइट मुद्दाम वसवले होते, त्यांचं फायटॉप्थोरा रोगाने कमी नुकसान झालं. माझ्या प्लेटमधलं कोण राखणदार आणि कोण चोर, ते नुसतं बघून ओळखता येत नाही.

दिवाळीला काळी प्लेट घरी दाखवायला नेली, टेप लावून, घट्ट बंद. बाबांनी ती उजेडात धरून बराच वेळ न्याहाळली.

"खंयच्या कलमाची ही?"

"विहिरीकडच्या. पण बाबा, जवळजवळ सगळ्याच कलमांत निघाली."

"मगे आंबे गोड कशे?"