कानाझावाचं पाणी

१२ नोव्हेंबर २०२४, कानाझावा

आजचा सगळा दिवस केनरोकुएन बागेत गेला, तरी मन भरलं नाही. टोकियोहून शिंकान्सेननं अडीच-तीन तासांत इथं आलो. मुलीला आधी क्योतो करायचं होतं, पण मी कानाझावाच धरून बसलो. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात काम केलं. या बागेच्या पाण्याची हकीकत वाचल्यापासून ही जागा डोळ्यांनी पाहायची होती.

बाग टेकाडावर आहे, किल्ल्याला लागून. माएदा घराण्याच्या सरदारांनी ती पिढ्यान् पिढ्या वाढवली. साडेअकरा हेक्टरच्या आसपास जागा. १८२२ मध्ये तिचं नाव ठेवलं गेलं, ते एका जुन्या चिनी ग्रंथातल्या सहा गुणांवरून. त्या ग्रंथाचं म्हणणं असं की हे गुण एका बागेत सहसा नांदत नाहीत. मोकळेपणा आणला की एकांत जातो. माणसाचं कसब दिसू लागलं की जुनेपण हरवतं. आणि पाणी हवं असेल तर सखल जागा धरावी लागते, मग दूरवरचा देखावा मिळत नाही. ही तिसरी जोडी वाचूनच मी अडकलो होतो. सौंदर्याची म्हणून सांगितलेली ही अट खरं तर उताराची आहे! टेकाडाच्या माथ्यावर एवढं तळं भरायचं तर पाणी त्याहून उंचावरून आणायला हवं.

ते आणलंय तात्सुमी कालव्यानं. १६३१ मध्ये शहराला मोठी आग लागली, किल्लाही जळाला. तेव्हा माएदा तोशित्सुने सत्तेवर होता. पुढच्याच वर्षी, १६३२ मध्ये, इताया हेइशिरो नावाच्या माणसाकडून त्यानं हा कालवा करून घेतला. साइ नदीचं पाणी बरंच वर अडवून सुमारे ११ किलोमीटर वाहत आणलं, त्यातला मोठा टप्पा डोंगराच्या पोटातून. उतार इतका कमी की एखाद्या ठिकाणी हात चुकला असता तर पाणी तिथंच तुंबलं असतं. आज आपल्याकडे लेव्हल घेणारी यंत्रं आहेत, त्यांच्याकडे काय होतं? बागेपासून किल्ल्यात पाणी न्यायचं तर मध्ये खंदक आडवा. तिथं त्यांनी नळ खाली उतरवून पलीकडे पुन्हा वर चढवला. आपण ज्याला उलटा सायफन म्हणतो, अगदी तेच. आधी लाकडी नळ होते, पुढे एकोणिसाव्या शतकात दगडी केले. ते दगडी नळ पाहिले. मधोमध भोक पाडलेले चौकोनी ठोकळे, एकाला एक जोडलेले. मी त्यांच्यापाशी एवढा वेळ थांबलो की मुलगी पुढे जाऊन परत आली.

"बाबा, सगळे तिकडे दिव्याचा फोटो काढतायत आणि तुम्ही नळ बघताय!"

दिवाही पाहिला. कासुमिगाइके तळ्याच्या काठी दोन पायांचा दगडी दिवा आहे, एक पाय पाण्यात, दुसरा आखूड पाय दगडावर. सुंदर आहे, पण गर्दीत दोन मिनिटंही नीट उभं राहता आलं नाही. तळ्याच्या खालच्या अंगाला कारंजं आहे, त्याच्यापाशी मात्र निवांत बसलो. ते १८६१ मधलं, जपानातलं सर्वांत जुनं मानतात. त्याला पंप नाही. वरच्या तळ्याच्या दाबानं पाणी साडेतीन मीटरच्या आसपास उडतं, आणि तळ्याची पातळी हलली की कारंज्याची उंचीही हलते. मला कात्रज आठवलं. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजच्या तलावातून भुयारी नळानं पुण्यात पाणी आणलं, तेही नुसत्या उताराच्या जोरावर. ठिकठिकाणी नळातली हवा बाहेर पडायला उसासे बांधले, हौद भरले. त्यातले कितीतरी हौद आज बुजलेत. इथला कालवा मात्र अजून वाहतो आहे, हे पाहून आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं.

सध्या बागेत युकीत्सुरीची, म्हणजे बर्फाच्या भारापासून जपायला झाडांच्या फांद्या दोरांनी वर बांधून ठेवण्याची, धांदल आहे. दर वर्षी १ नोव्हेंबरला या कामाची सुरुवात होते, मान कारासाकी पाइनचा. तेराव्या सरदारानं, माएदा नारियासुनं, बिवा सरोवराकाठच्या कारासाकीहून बी आणवून हे झाड वाढवलं. त्याच्याभोवती पाच उंच खांब, आणि खांबांच्या टोकांवरून प्रत्येक फांदीला बांधलेले भाताच्या पेंढ्याचे दोर, जवळजवळ आठशे. सैबेरियाकडून येणारे वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात, म्हणून इथला बर्फ ओला आणि जड असतो. फांद्या त्या भारानं मोडू नयेत म्हणून एवढी खटपट. आज दुसऱ्या झाडांवर काम चालू होतं. एक माळी खांबाच्या टोकावर चढून दोर खाली सोडत होता, खालचे तो पकडून फांदीला गाठ मारत होते. घाई नाही, आरडाओरडा नाही. मार्चमध्ये हे सगळं पुन्हा सोडायचं. दोन-अडीच महिन्यांच्या बर्फासाठी दर वर्षी इतकी मेहनत घेणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटला.

दुपारी वरच्या टोकावरून उत्तरेकडे पाहिलं. तिकडे नोतो द्वीपकल्प. यंदाच्या १ जानेवारीला तिथं ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला, शेकडो माणसं गेली. वाजिमाजवळ समुद्राच्या कडेला शिरोयोने सेनमाइदा नावाची भातखाचरं आहेत, हजाराच्या वर, उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली. त्यांना भेगा पडल्या. खाचराला भेग गेली की पाणी राहत नाही, आणि पाणी राहिलं नाही की भात नाही. यंदा थोड्याच खाचरांत लावणी होऊ शकली, ती तिथल्या लोकांनी चिवटपणे केली. आपल्या कोकणात, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात बांध धरून ठेवणाऱ्यांना ही धडपड सांगावी लागणार नाही. कानाझावाच्या किल्ल्याच्या दगडी भिंतीही त्या धक्क्यानं काही ठिकाणी ढासळल्या आहेत. इशिकावा दरवाजा मात्र उभा आहे, १७८८ चा, शिशाच्या पांढरट कौलांचा.

उद्या मुलगी गावातली संग्रहालयं पाहणार आहे. मी सकाळीच निघून साइ नदीच्या वरच्या अंगाला, कालव्याच्या कडेनं जमेल तेवढं चालणार. पाणी जिथून घेतलं आहे ती जागा गाठायची आहे. पाऊस सांगितलाय. दप्तरात छत्री टाकली आहे आणि उताराच्या नोंदी करायला वहीही.