नसलेल्या तटाला सायकलने प्रदक्षिणा

मुंबईच्या फोर्टात फोर्ट नाही. १८६०च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, इंग्रजांनी आपलाच तट पाडून टाकला. शत्रू उरला नव्हता, आतल्या गल्ल्यांत माणसं मावत नव्हती आणि कापसाच्या तेजीने व्यापाऱ्यांच्या हातात पैसा खुळखुळत होता. तटाबाहेर तोफांच्या माऱ्यासाठी राखलेली मोकळी जमीन मात्र बऱ्यापैकी वाचली. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही सगळी त्याच मैदानाची लेकरं. दक्षिण मुंबई सायकलवरून बघायची तर ह्या नसलेल्या भिंतीच्या कडेकडेने फिरावं असं माझं मत आहे. चालत गेलं तर दोन ठिकाणांमधलं अंतर पायांचा जीव काढतं आणि टॅक्सीतून जमिनीचा पोत कळत नाही.

आम्ही जानेवारीतल्या एका रविवारी ठाण्याहून पहाटेची लोकल पकडून गेलो. मी आणि कॉलेजात असलेला भाचा. सायकली कुलाब्यात आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवल्या होत्या. इथल्या गल्ल्यांतल्या भाड्याच्या सायकलवाल्यांचा खरा धंदा शनिवारच्या रात्री चालतो. पोरंपोरी मध्यरात्री निघतात आणि पहाटे सायकली परत देतात. त्यामुळे पहाटे हातात येणारी सायकल रात्रभर राबून आलेली असू शकते, हे धरून चाला. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघा. टायर अंगठ्याने दाबा. सायकल उचलून पेडल उलटसुलट फिरवा, चेन कुठे अडकते का कळतं. सीट स्वतःच्या उंचीला लावून घ्या. त्यात संकोच नको, पाना त्यांच्याकडे असतोच. आधीचे ओरखडे दिसतील असा सायकलचा फोटो दुकानदाराच्या देखत काढा. ओळखपत्राची झेरॉक्स आणि रोख डिपॉझिट देऊन भागत असेल तर मूळ आधार कार्ड ठेवून जाऊ नका. भाडं ताशी की अर्ध्या दिवसाचं, आणि उशीर झाला तर काय, हे निघण्याआधी तोंडावर ठरवा.

"मावशी, ह्याला गिअर नाहीत," भाच्याचं तोंड पडलं.

"येऊर चढायचंय का तुला?"

आणि खरंच, गिअर लागत नाहीत. ह्या फेरीत चढ म्हणावा असा चढच नाही, कारण बरीचशी जमीन एकतर मैदानाची आहे नाहीतर समुद्रातून भर घालून काढलेली. कुलाबा हे मुळात वेगळं बेट. १८३८ साली कॉजवे पुरा झाला तेव्हा ते मुंबईला जोडलं गेलं. आज ज्या कॉजवेवर झुमके आणि चपलांचे स्टॉल लागतात, तिथे सायकल अगदी सपाट धावते.

उजाडायच्या आत ससून डॉक गाठा. १८७५चा हा डॉक, आणि सकाळचा बाजार म्हणजे नुसता गलका. सायकल आत नेऊ नका, बाहेर कुलूप लावून पायी जा. बर्फाचं पाणी, खवले आणि हातगाड्या ह्यांतून चाक घसरतं, शिवाय कामाच्या माणसांना अडथळा होतो. टोपलीत कोळंबी निवडणाऱ्या मावशींचा फोटो हवा असेल तर आधी विचारा. एकीने मला विचारलं, "फोटो काढशील, म्हावरं घेशील का?" सायकलच्या हँडलला पापलेट लटकवून मुंबई दर्शन करायची माझी तयारी नव्हती. अजून दक्षिणेला १८५८चं अफगाण चर्च आहे, पण त्याच्या पुढे नौदलाची हद्द सुरू होते, तिथून मागे फिरावं लागतं.

मग गेटवे. गेटवे पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे सूर्योदय बघायला मुंबईत ह्याच्याइतकी सोपी जागा नाही. जानेवारीत सूर्य साधारण सव्वासातला वर येतो. आवारात जाताना तपासणी होते, म्हणून एकाने सायकलींपाशी थांबावं आणि दुसऱ्याने आत जावं. पंचम जॉर्ज १९११ साली आला त्याची ही कमान, पण बांधून पुरी झाली १९२४ साली. राजाला ह्या दगडी कमानीखालून जायला मिळालंच नाही. जाणारे गेले ते २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, इंग्रज फौजेची शेवटची तुकडी. शेजारचा ताज १९०३चा, म्हणजे कमानीपेक्षा वयाने मोठा.

इथून काळा घोड्याकडे वळलं की तट सुरू होतो, मनातल्या मनात. आजच्या के. दुभाष मार्गाचं जुनं नाव रॅम्पार्ट रो, म्हणजे तटाची ओळ. इथला काळ्या घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ साली भायखळ्याला राणीच्या बागेत गेला. २०१७ साली नवा घोडा आला, त्यावर स्वार नाही. जवळच वॉटसन हॉटेलची ओतीव लोखंडाची इमारत आहे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रं मुंबईकरांनी पहिल्यांदा पाहिली ती तिथेच.

तटाच्या आत शिरून हॉर्निमन सर्कल घ्या. गोल रस्ता, मध्ये बाग, एका बाजूला १८३३ सालचा टाउन हॉल म्हणजे आपली एशियाटिक लायब्ररी, आणि दुसऱ्या बाजूच्या रस्त्यावर १७१८चं सेंट थॉमस कथीड्रल. चर्चगेट नाव पडलं ते ह्याच चर्चकडे येणाऱ्या तटाच्या दरवाज्यावरून. तो दरवाजा मात्र आजच्या स्टेशनपाशी नव्हता, पार इकडे फ्लोरा फाउंटनच्या आसपास होता. फोर्टात एकदिशा रस्ते पावलोपावली आहेत. रविवारी रस्ता मोकळा दिसतो म्हणून उलट्या दिशेने घुसायचा मोह होतो, पण समोरून टॅक्सी सुसाट येते, तेव्हा उतरून फुटपाथने सायकल ढकलत नेलेली बरी.

बॅलार्ड इस्टेट हा सगळ्या फेरीतला माझा आवडता तुकडा. बंदराच्या कामात भर घालून काढलेली जमीन, तिच्यावर गेटवेचाच वास्तुकार जॉर्ज विटेट ह्याच्या देखरेखीखाली पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे उभ्या राहिलेल्या एका उंचीच्या, एका वळणाच्या दगडी इमारती, सावली धरणारी झाडं आणि रविवारी सकाळी शुकशुकाट. ज्यांना रहदारीची भीती वाटते त्यांनी सुरुवात इथून करावी. भाच्याने इथे हात सोडून सायकल चालवून दाखवली, आणि त्याच मस्तीत त्याची चेन पडली. ती चढवायची सोपी रीत अशी: मागच्या दाताळ्यावर चेन आधी बसवायची, मग पुढच्या चक्राच्या खालच्या दातांत अडकवून पेडल हाताने उलटं फिरवायचं. बोटं काळीकुट्ट झाली. नाक्यावर पुरवण्या घालत बसलेल्या पेपरवाल्याने न मागता एक रद्दीचा कागद पुढे केला आणि वर शेरा मारला, "चेन ढिली आहे, परत पडणार." परत पडली. जुने मोजे किंवा फडकं बरोबर असू द्या. ओढणी असेल तर कमरेला घट्ट बांधा, मागच्या चाकात गेली तर माणूस आपटतो.

तिथून बाजारगेटच्या गल्लीने वर. आता ती पेरीन नरिमन स्ट्रीट, पण सगळे जुनंच नाव घेतात. टोकाला जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कचेरी, १९१३ची. तिचा घुमट बघताना विजापूरचा गोलघुमट आठवला तर चूक तुमची नाही, बांधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तोच होता.

आणि सीएसएमटी. रोज इथे उतरणारे आपण, मान वर कधी करत नाही. सायकल समोर महापालिकेच्या बाजूला लावा आणि निदान अर्धा तास द्या. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची ही इमारत १८७८ साली सुरू होऊन १८८८ साली पुरी झाली, आणि समोरची महापालिकाही १८९३ साली त्यानेच बांधली. म्हणजे एकाच माणसाच्या दोन इमारती एकमेकींकडे बघत उभ्या आहेत. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. मग नजर वर न्या. पन्हळीच्या तोंडाशी वखवखलेले प्राणी, कमानीत पिसारा फुलवलेला मोर, खांबांच्या माथ्यावर पानंफुलं. त्यातलं बरंचसं कोरीवकाम जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. घड्याळाखाली एक कोनाडा रिकामा दिसेल, तिथे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. युनेस्कोने २००४ साली वारशाच्या यादीत घेतलेली ही इमारत, आणि तिच्या पोटातून दर दोन-तीन मिनिटांनी लोकल सुटते. भाचा म्हणाला, "मावशी, आपण रोज ह्यातूनच जातो?" मीही त्या दिवशीच पहिल्यांदा मोर नीट बघितला होता, पण ते त्याला सांगितलं नाही.

इथून दादाभाई नौरोजी रोडने खाली. हा रस्ता जवळजवळ पडलेल्या तटावरूनच जातो, म्हणून फोर्टातल्या बाकी गल्ल्यांच्या मानाने एवढा रुंद. दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या पोटातून कमानींचा फुटपाथ काढलाय, उन्हापावसात चालणाऱ्यांची सोय. खाली हुतात्मा चौक. १८६४चं कारंजं आणि त्याच्याजवळ संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक. मराठी माणसाने इथे सायकलवरून उतरावं, मी त्यावर जास्त काही लिहीत नाही.

ओव्हल मैदानाला सायकलने बाहेरून फेरी घाला, आत क्रिकेटवाले असतात. पूर्वेला हायकोर्ट आणि १८७८ साली पुरा झालेला राजाबाई टॉवर, सगळं टोकदार, नक्षीदार, दगडी. पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या गोलाई दिलेल्या, गच्च्यांना पट्टे ओढलेल्या रंगीत इमारती. मधल्या गवतात साठ-सत्तर वर्षांचं अंतर. दोन्ही बाजू मिळून २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेल्या. माझा कल पश्चिमेच्या बाजूकडे आहे. दगडी इमारती दबदबा दाखवायला बांधल्या, ह्या राहायला बांधल्या. डबेवाल्यांच्या सायकली बघायच्या असतील तर मात्र रविवार नको. कामाच्या दिवशी साडेअकराच्या सुमारास चर्चगेट स्टेशनबाहेर उभं राहा, मग हँडलपासून कॅरिअरपर्यंत डबे लादलेली सायकल चालवणं काय असतं ते दिसेल आणि स्वतःच्या सायकलिंगची लाज वाटेल.

मरीन ड्राइव्हसाठी एकच सूचना, पण कामाची. नरिमन पॉइंटवरून सुरू करून चौपाटीकडे जा. आपण डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे उत्तरेकडे जाताना समुद्र तुमच्या हाताशी येतो. उलट्या दिशेने आलात तर सगळी रहदारी मध्ये. साडेतीन किलोमीटरचा रस्ता आहे, गाड्या वेगात असतात, तेव्हा कडेची लेन सोडू नका आणि फूटपाथवर चढू नका, तो धावणाऱ्यांचा आणि आजीआजोबांचा. कडेच्या गटाराच्या जाळ्यांवर लक्ष ठेवा, बारीक टायर त्यात रुततो. चौपाटीच्या अलीकडे कोस्टल रोडच्या बोगद्याकडे जाणाऱ्या लेन वेगळ्या होतात. तिथे सायकलला बंदी आहे, चुकून शिरू नका. नऊनंतर ऊन भाजतं आणि सेल्फीवाल्यांची गर्दी वाढते.

चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी ते गेले, त्यांचे अंत्यसंस्कार ह्याच वाळूत झाले. तिथून गिरगावात शिरून ठाकुरद्वारला मिसळ खा, मगच खोताची वाडी. वाडीत सायकल हातात धरूनच जा. गल्ल्या अरुंद आहेत, लाकडी जिन्यांची घरं लोकांची राहती आहेत आणि खिडकीतून आत डोकावणाऱ्या पाहुण्यांना रहिवासी वैतागलेले आहेत. जवळच केशवजी नाईकांच्या चाळी, जिथला सार्वजनिक गणपती १८९३ पासूनचा.

बाणगंगा आम्ही सोडली. वाळकेश्वरचा चढ हा ह्या भागातला पहिला खरा डोंगर आहे, आणि बिनगिअरच्या जड सायकलवर तो ढकलतच चढावा लागतो. ज्यांना जायचंच आहे त्यांनी सायकली परत करून बेस्टच्या बसने जावं.

सगळी फेरी पंधरा-सतरा किलोमीटरची होते, थांबत थांबत चार-पाच तास धरा. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात नको, पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. कुलूप घरून न्या, दुकानातल्या कुलपावर विसंबू नका. पाणी भरपूर, टोपी, सुटे पैसे. स्वच्छतागृहं सीएसएमटी आणि चर्चगेट स्टेशनवर मिळतात, मध्ये फारशी नाहीत. सायकली परत देताना डिपॉझिट मोजून घ्या. आणि मध्य रेल्वेने घरी जायचं असेल तर आदल्या रात्री मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघून ठेवा. रविवारी दुपारी थकलेल्या पायांनी मस्जिदपाशी गाडीत अडकून पडण्यापेक्षा मिसळीची दुसरी प्लेट मागवून ब्लॉक संपेपर्यंत गिरगावातच बसलेलं परवडतं.