कळंगुटला राहा, खरेदीला म्हापशाला जा

कळंगुटच्या चौकापासून बागा किनाऱ्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानंच दुकानं आहेत. आरसेकामाच्या पिशव्या, शाली, पितळी मूर्ती, ‘गोवा’ छापलेले टी-शर्ट, खड्यांच्या अंगठ्या, शिंपल्यांच्या माळा. आमचा मुक्काम तिथंच होता, त्यामुळे संध्याकाळी जेवणाआधी या रस्त्यानं एक चक्कर ठरलेली असायची. बघायला मजा येते, मुलांना तर फारच. पण या मालातलं गोव्यात तयार झालेलं फार थोडं असतं. शाली काश्मिरी, आरसेकाम गुजरात-राजस्थानचं, चांदीचे बरेच दागिने तिबेटी आणि राजस्थानी घडणीचे. वस्तू चांगल्या असतात, पण त्या तुळशीबागेतही मिळतात. गोव्याहून आणायचं तर गोव्याच्या मातीतलं, गोव्याच्या हातचं आणावं, आणि पैसे शक्यतो त्याच हातात पडावेत, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी किनारा सोडून थोडं आत जावं लागतं, आणि ते अवघड मुळीच नाही.

म्हापसा कळंगुटपासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे. बस सतत असतात आणि बाजाराच्या दिवशी तीच बरी, कारण गाडी लावायला जागा मिळता मिळत नाही. बाजार तसा रोज असतो, पण मोठा भरतो तो शुक्रवारी. तेव्हा बार्देस-पेडण्याच्या गावागावांतून बायका आपापला माल घेऊन येतात. सकाळी नऊच्या आत पोचा. अकरानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात, आणि गावठी माल थोडाच आणलेला असल्यामुळे लवकर संपतो. छपराखालची पक्की दुकानं नंतर बघितली तरी चालतात; आधी बाहेर गोणपाट पसरून बसलेल्या बायकांकडे जा.

मिरच्यांपाशी मी बराच वेळ काढला. एका आजींपुढे दोन ढीग होते, दोन्ही लालभडक, मला तर सारखेच दिसले. “मावशी, यातली खोल्याची कुठली?” म्हटल्यावर त्यांनी लहान ढिगाकडे बोट केलं. “ती खोल्याची, ती म्हारग. ही हरमलची, ही तिखट गो बाय.” खोला हे काणकोण तालुक्यातलं गाव. तिथं डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर ही मिरची घेतात. रंग जर्द, तिखटपणा बेताचा, म्हणून लोणच्याला आणि मासे भरायच्या रेशाद मसाल्याला तिला मान. हरमलची पेडण्याकडची. दोन्ही मिरच्यांना भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळालेलं आहे. मी दोन्ही घेतल्या आणि भाव केला नाही. डोंगरावरून उतरवून, वाळवून, बसनं आणलेल्या मिरचीच्या भावात दहा-वीस रुपयांची घासाघीस करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच भागात आमसुलं, कोकमाचं आगळ, मयडे गावची केळी, माडाचा काळा गूळ आणि माडाच्या सुरेपासून केलेलं व्हिनेगर मिळतं. या व्हिनेगरची बाटली आवर्जून घ्या. आपल्याकडच्या दुकानात मिळतं ते पांढरं व्हिनेगर वेगळं. घरी विंदालू किंवा सोरपोतेल अशी मांसाची आंबट-तिखट कालवणं करायची असतील तर चव याचीच लागते. मांसाहारी मंडळींसाठी चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, माळांसारखे टांगलेले असतात. वास उग्र असतो, तेव्हा वर्तमानपत्राचे थर आणि घट्ट झाकणाचा डबा बरोबर न्या.

मातीची भांडीही बघा. डिचोलीकडे कुंभारकाम जुनं आहे, आणि म्हापशाच्या बाजारात कालवणाची बसकी भांडी येतात. बोटाच्या पेरानं टिचकी मारून बघा. आवाज खणखणीत आला तर भाजणी चांगली, बद्द आला तर कुठंतरी तडा. घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि पहिल्यांदा त्यात पेज शिजवा. नेताना आत कपडे कोंबा, बाहेरून टॉवेल गुंडाळा. आमची सगळी भांडी अशीच सुखरूप आली.

काजूबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच जातात. किनाऱ्यावरच्या प्रत्येक दुकानावर ‘गोवा काजू’ अशी पाटी असते, पण बाहेरच्या देशांतून आलेला कच्चा काजूही भारतात मोठ्या प्रमाणावर सोलला जातो आणि तोच याच नावानं खपतो. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याला ही भेसळही कारण. दुकानदाराला सरळ विचारा, बी कुठली, कारखाना कुठला. ज्याचा माल खरा असतो तो न कचरता गावाचं नाव सांगतो. पाकिटावर डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० असे आकडे असतात. एका पौंडात साधारण किती गर बसतात तो हा आकडा. म्हणजे आकडा जितका लहान तितका काजू मोठा. चवीचा आणि आकड्याचा संबंध नाही, तेव्हा घरात भाजीला, चिवड्याला हवा असेल तर ३२० घ्या आणि पैसे वाचवा. मला स्वतःला सालीसकट भाजलेला काजू सगळ्यात आवडतो. पणजीत १८ जून रस्त्यावरही काजूची जुनी दुकानं आहेत. तिथं चाखायला देतात, चाखूनच घ्या. खवट काजू जिभेवर लगेच कळतो.

गोडात बेबिंक, म्हणजे थराथरांचा केकसारखा पदार्थ, आणि दोदोल. बेबिंकचा प्रत्येक थर वेगळा भाजावा लागतो, वरून आच देऊन. एक थर झाल्याशिवाय पुढचा ओतता येत नाही. त्यामुळे सात थरांचं बेबिंक करायला अर्धा दिवस सहज जातो. त्यात अंड्याचा बलक असतो, घरी कुणी अंडं खात नसेल तर आधी सांगा. अशांसाठी दोदोल आहे: तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा गूळ. दोन्ही काही दिवस टिकतात, पण घेताना तयार केल्याची तारीख बघाच. बेकरीतलं ताजं आणि विमानतळावरचं डबाबंद यांत चवीचा खूप फरक आहे.

हणजुण्याचा बुधवारचा बाजार साठ-सत्तरच्या दशकांत आलेल्या हिप्पींमुळे सुरू झाला. परतीच्या पैशांसाठी ते आपापल्या चीजवस्तू विकायला काढायचे. आता तिथं मुख्यतः देशभरातले व्यापारी असतात. हडफड्याचा शनिवारचा रात्रीचा बाजार जास्त झगमगीत, खाणं आणि गाणं जास्त. दोन्ही हंगामी आहेत, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, आणि कधी कधी ऐन वेळी बंदही असतात, म्हणून निघण्याआधी हॉटेलात चौकशी करा. इथं मात्र भाव करायला हवा. पहिल्या आकड्याच्या निम्म्याच्याही खालून सुरुवात करा, हसतमुखानं करा, आणि घ्यायचं नसेल तर भाव विचारूच नका. लमाणी बायकांकडचं भरतकाम गोव्याचं नाही, कर्नाटकातलं आहे, पण हाताचं असेल तर त्याला योग्य दाम द्या. कापड उलटं करून बघा. मागच्या बाजूला गाठी आणि असमान टाके दिसले तर हाताचं काम.

भेट द्यायला कलाकुसर हवी असेल तर अर्धा दिवस पणजीला ठेवा. हातानं रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या आझुलेजु फरशा तिथं मिळतात. घराच्या नावाची पाटीही करून देतात, पण त्यासाठी मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या रेखाटनांचे कप, फरशा, पिशव्या त्यांच्या नावाच्या दालनांतूनच घ्या. किनाऱ्यावर नकला भरपूर आहेत, आणि रेघ बघितली की फरक दिसतो. कुंकळ्ळीच्या चितारींनी रंगवलेले लाकडी पाट आणि चौरंग सरकारी हस्तकला दालनात विचारा. लाखेचं हे काम करणारी घरं आता थोडीच उरली आहेत, आणि एक छोटा पाट सुटकेसमध्ये सहज मावतो.

प्रवाळ, मोठे शंख किंवा कासवाच्या पाठीच्या वस्तू कुणी दाखवल्या तर हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे, आणि समुद्राचं नुकसान होतं ते वेगळंच.

फेणी घ्यायची तर सीलबंद बाटलीतली, परवानाधारक दुकानातून आणि बिलासकट. काजूच्या फेणीला २००९ मध्येच मानांकन मिळालं आहे. हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाच्या पहिल्या ऊर्ध्वपातनाची सौम्य दारू, उन्हाळ्यापुरताच असतो आणि टिकत नाही, त्यामुळे तो तिथंच प्यायचा. विमानानं परतणार असाल तर सीलबंद मद्य चेक-इन सामानात माणशी पाच लिटरपर्यंत चालतं. व्हिनेगर, आगळ, लोणचंही त्यातच ठेवा. गाडीनं येणाऱ्यांनी मात्र नीट लक्ष द्या. गोव्यातल्या बाटल्यांवर ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं छापलेलं असतं आणि महाराष्ट्रात ती दारू परवान्याशिवाय आणता येत नाही. बांद्याच्या पुढं इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते, माल सापडला तर गाडीसुद्धा जप्त होऊ शकते. मित्रांनी कितीही गळ घातली तरी डिकीत बाटल्या भरू नका. त्यांना खोल्याच्या मिरचीचं लोणचं घालून द्या.