पक्ष दुसरा, फोटो आपल्या भिंतीवर

अंबाजोगाईत माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे. वडिलांनी टाकलेलं, आता मी चालवतो. देवांचे फोटो, लग्नाचे, घरातल्या गेलेल्या माणसांचे आणि पुढाऱ्यांचे, सगळे येतात. त्यात पुढाऱ्यांचे दोन तऱ्हेने येतात. निवडणुका आल्या की कार्यकर्ते गठ्ठ्याने ऑर्डर देतात, कार्यालयात लावायला, सत्कारात द्यायला. ते फोटो पुढच्या निवडणुकीपर्यंत माळ्यावर गेलेले असतात. दुसरे फोटो एकेकटे येतात. एखादा म्हातारा माणूस जुन्या वहीत जपून ठेवलेलं पेपरातलं कात्रण काढतो आणि म्हणतो, याला काच लावून द्या, घरात लावायचाय.

हे लिहायला बसलो ते या दुसऱ्या फोटोंबद्दल. कारण अशा गिऱ्हाइकांत मी कायम एक गोष्ट पाहत आलो. मत एका पक्षाला देणारा माणूस घरात फोटो दुसऱ्याच पक्षाच्या पुढाऱ्याचा लावतो, आणि का लावतो ते त्याला नीट सांगता येतं.

रेणापूरकडचे एक शेतकरी आले होते. त्यांच्याकडे दोन कात्रणं होती, एक विलासराव देशमुखांचं, एक गोपीनाथ मुंडे साहेबांचं. पेपरचा कागद तसाच काचेखाली घातला तर पिवळा पडतो, शाई काचेला धरते, पावसाळ्यात कसर लागते. म्हणून मी स्कॅन करून नवा प्रिंट काढतो आणि तो हार्डबोर्डवर चिकटवतो. त्यांना मात्र कात्रणंच लावायची होती, आणि तीही एकाच फ्रेममध्ये. मापं वेगळी, कागद वेगळा. एकात विलासराव हसतायत, दुसऱ्यात मुंडे साहेबांचा भाषणात वर गेलेला हात. मी म्हटलं, मामा, दोन फ्रेमा करू, कमी पैशात देतो. ते म्हणाले, "नको, एका काचेखाली पाहिजेत." मधे पट्टी टाकू का विचारलं. "पट्टीबी नको."

कामून, म्हणून मी विचारलंच. ते म्हणाले, "आमच्या गावात दोन पार्ट्या होत्या. हे दोघं सभेत एकमेकाला सोडत नव्हते, पण दोस्ती तोडली नाही. ते बघून आमच्यातबी डोकी फुटली नाहीत. लग्नात दोन्ही पार्ट्या एका पंगतीला."

१९८० साली दोघं विधानसभेत पहिल्यांदा निवडून गेले. मुंडे रेणापुरातून, विलासराव शेजारच्या लातुरातून. एक भाजपचा, एक काँग्रेसचा. १९९५ साली लातूरने विलासरावांना पाडलं आणि त्याच निवडणुकीनंतर मुंडे उपमुख्यमंत्री झाले. चार वर्षांनी विलासराव मुख्यमंत्री आणि मुंडे विरोधी बाकांवर. अशा उलथापालथीत मैत्री टिकवायची म्हणजे सोपं काम नव्हे. १४ ऑगस्ट २०१२ ला विलासराव गेले. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, केंद्रात मंत्री होऊन आठवडा झाला असताना, ३ जून २०१४ ला मुंडे साहेब गेले. त्या दिवसांत मी रात्री उशिरापर्यंत मुंडे साहेबांच्या फ्रेमा करत होतो, आणि मागणारांत काँग्रेसची, राष्ट्रवादीची माणसं होती. मी त्यांना ओळखत होतो. कुणाचा पक्ष कोणता हे आमच्या गावात लपत नाही.

कौतुक करायचं म्हणजे डोळे मिटायचे असं मात्र मी मानत नाही. बुलडाण्यातल्या सावकारीच्या प्रकरणात शेतकऱ्याच्या तक्रारीच्या आड आल्याबद्दल २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने विलासरावांवर कडक ताशेरे ओढले आणि राज्य सरकारला १० लाख रुपयांचा दंड केला. शेतकऱ्याच्या पोराला हे विसरता येत नाही, येऊही नये. पण रेणापूरच्या मामांनी फोटो लावला तो गावात डोकी फुटली नाहीत म्हणून. ते कारण त्यांचं आहे आणि खरं आहे.

गेली दोन-तीन वर्षं आमच्या बीड जिल्ह्यात आरक्षणावरून मराठा-ओबीसींत जे चाललंय ते बाहेरच्यांना पेपरातून कळतं, आम्हाला दुकानाच्या उंबऱ्यावर कळतं. नवं गिऱ्हाईक आत यायच्या आधी पाटीवरचं आडनाव वाचतं. कुणाच्या दुकानातून माल घ्यायचा आणि कुणाच्या नाही हे जातीवरून ठरवणारे मेसेज मी स्वतः पाहिलेत. माझा पुतण्या आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र लोकसभेच्या निकालानंतर एकमेकांशी बोलत नाहीत. चांगली पोरं आहेत दोघंही. दोघांनाही मी एकच प्रश्न विचारला. तुला ज्याला कधीच मत द्यायचं नाही अशा पक्षातला एक माणूस सांग, ज्याच्याबद्दल तुला आदर आहे. दोघांनाही नाव सांगता आलं नाही. माझ्या काळजाला लागलं ते. माझ्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न विचारला असता तर एका नावावर ते थांबले नसते.

किल्लारीचंच बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, जवळपास ८ हजार माणसं गेली. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते. त्याच सकाळी ते तिथे पोचले आणि पुढे गावंच्या गावं नव्या जागी वसवायचं काम उभं राहिलं. औसा, उमरगा भागातले कट्टर पवारविरोधक मला भेटलेत, त्यांच्या राजकारणावर तोंडसुख घेणारे. पण भूकंपाचा विषय निघाला की आवाज बदलतो. "त्या टायमाला माणूस उभा राहिला," एवढं ते मान्य करतात. त्याच भूकंपानंतर पन्नालाल सुराणांसारखे समाजवादी नळदुर्गला अनाथ लेकरांसाठी 'आपलं घर' उभं करून बसले. तिथे मदत द्यायला जाणाऱ्याने त्यांचा पक्ष विचारला असेल असं मला वाटत नाही.

भूकंपानंतर साडेतीन महिन्यांनी, १४ जानेवारी १९९४ ला, पवारांनीच मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार केला, म्हणजे त्याच्या नावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं. विधिमंडळाचा ठराव १९७८ चा. तो झाल्यावर मराठवाड्यात दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली, आणि ठराव सोळा वर्षं तसाच राहिला. निवडणूक वर्षावर आलेली असताना कोणत्या मतदाराला काय वाटेल हे पवारांना ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? तरी केलं. मुंडे साहेबांनीही नामांतराची बाजू घेतली होती, आणि त्यांच्या पक्षात तेव्हा ते सगळ्यांना रुचणारं नव्हतं. भीमनगरातल्या एका घरात मी स्वतः फ्रेम लावायला गेलो होतो. बाबासाहेबांच्या मोठ्या फोटोखाली, डाव्या अंगाला, मुंडे साहेबांचा छोटा फोटो. त्या घराने कमळावर शिक्का कधी मारला नाही, हे त्यांनीच मला सांगितलं. खिळा कुठे मारायचा यावर आजी आणि नातवाचं बराच वेळ चाललं होतं. शेवटी आजी म्हणाली, "बाबासाहेबाच्या बरोबरीला कुणी नाही. खाली लाव. पण लाव."

गोविंदभाई श्रॉफांचं मला सगळ्यात अवघड जातं. निजामाविरुद्धच्या लढ्यात स्वामी रामानंद तीर्थांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला हा माणूस. पुढे मराठवाड्याच्या विकासासाठी, रेल्वेसाठी, अनुशेषासाठी आयुष्यभर भांडला. विचाराने डावा, आणि मंत्रिपदाच्या मागे कधी गेला नाही. १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, आधी शाळा त्यांचे फोटो करून नेतात, स्वामीजींच्या शेजारी लावायला. पण नामांतराला त्यांचा विरोध होता. माझं एक नेहमीचं गिऱ्हाईक, शिकलेला माणूस, दुकानात तो फोटो सुकायला ठेवलेला बघून म्हणालं, "मुक्तिसंग्रामाचं मान्य आहे मला. पण हा फोटो माझ्या घरात येणार नाही." मी त्यांना समजावायला गेलो नाही. त्यांच्या आईवडिलांनी ते दिवस भोगलेत. मी गोविंदभाईंना मानतो, आणि त्या एका बाबतीत ते चुकले असंही मानतो. दोन्ही एका वेळी मानायला मला जड जात नाही.

माझी सासुरवाडी कंधार तालुक्यातली. सासऱ्यांच्या बैठकीत दोन फोटो समोरासमोर होते, एका भिंतीवर शंकरराव चव्हाण, दुसऱ्या भिंतीवर केशवराव धोंडगे. एक काँग्रेसचा, दिल्लीत गृहमंत्री झालेला, शिस्तीचा असा की लोक हेडमास्तर म्हणायचे. दुसरा शेतकरी कामगार पक्षाचा, मन्याडचा वाघ, विधानसभेत उठला की समोरच्या मंत्र्याला घाम फुटायचा. जिल्हा एकच, नांदेड. १९७६ साली पैठणला जायकवाडीचं लोकार्पण इंदिरा गांधींच्या हस्ते झालं तेव्हा शंकररावच मुख्यमंत्री होते. आणि आणीबाणीही चालू होती. त्या आणीबाणीत धोंडगे तुरुंगात गेले. १९७७ साली नांदेडने त्याच धोंडग्यांना खासदार करून दिल्लीला पाठवलं.

मी सासऱ्यांना विचारलं होतं, दादा, ज्याच्या राज्यात हे जेलात गेले त्याचा फोटो त्यांच्याच समोर कसा लावलात? ते मुरलेले शेकापवाले. म्हणाले, "माझी बहीण परभणीकडे दिलेली. डाव्या कालव्याचं पाणी तिच्या रानात आलं त्या वर्षी मी तिकडं होतो. ज्वारीच्या रानात तिनं गहू केला. पहिल्या गव्हाच्या पोळ्या खाल्ल्यात मी तिच्या घरी. ते पाणी शंकररावानं आणलं. आणि हे," धोंडग्यांकडे हात करून, "ह्यांनी गुराख्याची पोरं शाळेत बसवली. माझा लेक त्यांच्याच शाळेत शिकला. दोघांचं भांडण त्यांच्यापाशी."

धरणासाठी पैठण-शेवगावकडची गावं उठली, त्यांचं दुःख वेगळं आहे आणि त्याचं मोल कुणी पुरतं चुकवलेलं नाही. पण पाणी अडवण्यासाठी हट्टाने भांडणारा माणूस मराठवाड्याला किती गरजेचा होता, हे मला २०१६ च्या उन्हाळ्यात कळलं. आमच्याच जिल्ह्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात शंकररावांचा फोटो मागायला एक गुरुजी आले. मला माहीत होतं त्याप्रमाणे ते जनसंघाच्या काळापासून तिकडचे. मी काही बोललो नाही, ते मात्र आपणहून म्हणाले, "पाण्याला पक्ष नसतो रे बाबा."

धोंडगे १ जानेवारी २०२३ ला गेले, वयाची शंभरी ओलांडून. त्यांच्याच पक्षाचे सांगोल्याचे गणपतराव देशमुख त्याआधी दीड वर्ष. ते आमच्या मराठवाड्याचे नव्हेत. पण एका मतदारसंघातून अकरा वेळा निवडून येणारा आणि तरी एसटीने फिरणारा आमदार म्हणून त्यांचाही फोटो मी इथल्या एका भाजपवाल्या कंडक्टरला करून दिलाय. एसटीतला माणूस एसटीतल्या माणसाला ओळखतो.

बीड जिल्ह्याचा खासदारांचा इतिहास पुतण्याला माहीत नव्हता. मी सांगितला तेव्हा त्याला खरा वाटेना. १९६७ साली बीडने साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना निवडून दिलं, कम्युनिस्ट म्हणून. प्रतिसरकार चालवलेला माणूस, आमच्या जिल्ह्यात ना भावकी ना पाव्हणेरावळे. १९७७ साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधर अप्पा बुरांडे. १९८९ साली जनता दलाचे बबनराव ढाकणे, तेही पाथर्डीचे, शेजारच्या जिल्ह्यातले. मधे काँग्रेसच्या केशरकाकू क्षीरसागर, नंतर भाजप, राष्ट्रवादी. याच गावांनी, याच वाड्यावस्त्यांनी ही माणसं निवडली. जात बघितली जात नव्हती असं मी म्हणणार नाही, बघितली जायचीच. पण तिच्यापलीकडे माणूस बघायची सवय होती, आणि ती सवय आम्हीच मोडली. पुतण्या ऐकून म्हणाला, "काका, नाना पाटलांचा फोटो आहे का आपल्याकडं?" आहे. फेट्यातला. वडिलांनी जपलेला.

येत्या १७ सप्टेंबरला दुकानाच्या दर्शनी भिंतीवर मराठवाड्याने निवडलेल्या, मानलेल्या माणसांची एक रांग लावायचं ठरवलंय, पक्ष न बघता. प्रत्येक फोटोखाली त्यांनी काय केलं ते दोन ओळीत, आणि कुठे चुकले तेही. स्वामीजी, गोविंदभाई, शंकरराव, धोंडगे, नाना पाटील, बापू काळदाते, केशरकाकू, विलासराव, मुंडे साहेब यांचे चांगले प्रिंट माझ्याकडे तयार आहेत. गंगाधर अप्पा बुरांडे यांचा आणि धाराशिवच्या भाई उद्धवराव पाटलांचा मोठा करता येईल असा स्वच्छ फोटो मात्र अजून मिळालेला नाही. कुणाच्या घरात असेल तर दुकानावर आणून द्या. स्कॅन करून मूळ फोटो त्याच दिवशी परत देईन, आणि तुमच्या फोटोला नवी काच-पट्टी लावून देईन, पैसे घेणार नाही.